क्रॉन, नोंदवही आणि 'हरवलेली' आठवण : एका प्रतिक्रियेला उत्तर

टर्मिनलवरून आज्ञा देऊन नोंदी आणि आठवणी ठेवणाऱ्या एका छोट्या साधनावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. त्यात आठवण देण्यासाठी क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारा प्रोग्राम, वापरला आहे. "नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोंबायच्या आणि आठवण देण्याचे काम क्रॉनच्या गळ्यात मारायचे, ही रचना नव्हे, आळस आहे, संगणक बंद असला की आठवण गेलीच," असे आपण लिहिले आहे आणि पुढे डेटाबेस, एनक्रिप्शन व मोबाइल ॲप यांची मागणी केली आहे.

मतभेदाबद्दल तक्रार नाही. परंतु लेख शेवटपर्यंत वाचण्यापूर्वीच दुसऱ्याला आळशी ठरवणे हा कोणता आळस, हे आपणच ठरवावे. संगणक बंद असताना हुकलेले काम क्रॉन नंतर करत नाही, हे मलाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच आठवण क्रॉनमध्ये साठवलेलीच नाही. ती नोंदवहीतच, म्हणजे त्या टेक्स्ट फाइलमध्येच, तारीख आणि 'बाकी' अशी खूण असलेली एक ओळ म्हणून राहते. साधनाला कोणतीही आज्ञा दिली की आजची किंवा उलटून गेलेली तारीख असलेल्या सर्व 'बाकी' ओळी आधी दाखवल्या जातात आणि खूण बदलेपर्यंत त्या दिसतच राहतात. क्रॉन फक्त हाक मारतो. ती हुकली तरी ओळ जागेवरच असते. १९७९ च्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीतील 'कॅलेंडर' ही आज्ञासुद्धा साध्या फाइलमधून आजच्या आणि उद्याच्या तारखेच्या ओळी शोधून दाखवत असे. तिलाही आपण आळस म्हणणार काय?

खरा आक्षेप आपल्याला सुचलाच नाही, तो असा की क्रॉनने चालवलेल्या कामाला डेस्कटॉपच्या सत्राचे एन्व्हायर्नमेंट (सूचना कोणत्या पडद्यावर दाखवायची वगैरे माहिती) मिळत नाही, त्यामुळे पडद्यावरची सूचना पुष्कळदा उमटतच नाही. याच कारणासाठी लेखात सिस्टमडीचा (लिनक्समध्ये पार्श्वभूमीवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा) वापरकर्त्यापुरता टायमर सुचवला होता. त्यात 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू ठेवला, तर संगणक बंद असताना हुकलेली वेळही नंतर भरून निघते.

दर आठवड्याला परत येणाऱ्या आठवणींची सोय नाही, हे आपले म्हणणे मान्य आहे. ती असायला हवी.

डेटाबेसविषयी एवढेच सांगतो, की मी अनेक वर्षे इतरांचे सर्व्हर सांभाळले आहेत आणि डेटाबेस उघडत नसताना साध्या टेक्स्टमधील लॉगवरच (सर्व्हरने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदींवरच) रात्री काढल्या आहेत. बाकीच्या मागण्या दुसऱ्या कुठल्यातरी साधनासाठी आहेत.

कालच्या तारखेची एक आठवण नोंदवून आज्ञा चालवून पाहावी. ती दिसली नाही, तर टर्मिनलवर जे उमटले ते जसेच्या तसे पाठवावे, विशेषणे नकोत.