‘मैवंदचा क्लॅस्प लावून दिला नाही’ या रिव्ह्यूला दुकानाचे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा आठवडे लावले, रिबन, फ्रेम आणि दोन पानी अहवालाचे ४,५०० रुपये घेतले, चांदी चमकवून दिली नाही आणि ‘मैवंदचा क्लॅस्प मागूनही लावला नाही, अर्धवट पदक तसंच परत दिलं, यांना पदकांमधलं ओ की ठो कळत नाही’. (क्लॅस्प म्हणजे लढाईचं नाव असलेली, पदकाच्या रिबनवर बसणारी धातूची पट्टी; मैवंद हे अफगाणिस्तानातलं ठिकाण.) पहिल्या तीन गोष्टींवर गिऱ्हाईक म्हणून तुमचं काही मत असेल, ते असू दे. चौथ्या वाक्यावर मात्र गप्प बसलो, तर उद्या नवीन माणूस ते वाचून पायरीवरूनच परत फिरेल. पोट या कामावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मैवंदचा क्लॅस्प नावाची वस्तू ब्रिटिश सरकारने कधी काढलीच नाही. दुसऱ्या अफगाण युद्धाचं पदक मार्च १८८१ मध्ये मंजूर झालं आणि त्यावर सहाच क्लॅस्प आहेत: अली मसजिद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. एका माणसाला जास्तीत जास्त चार मिळाले. २७ जुलै १८८० ची मैवंदची लढाई इंग्रज हरले आणि तिच्यासाठी क्लॅस्प निघाला नाही. तुमच्या पदकाच्या कडेवर ६६ व्या फूट (म्हणजे पायदळ) रेजिमेंटच्या एका प्रायव्हेटचं, साध्या शिपायाचं, नाव आहे (वस्तू तुमची आहे, म्हणून नाव इथे लिहीत नाही) आणि मस्टर रोलमध्ये (पलटणीच्या हजेरी-पगाराच्या नोंदवहीत) त्याच्यापुढे ‘२७ जुलै १८८० रोजी लढाईत ठार’ अशी नोंद आहे. आता कंदाहारचा क्लॅस्प बघा. तो १ सप्टेंबर १८८० च्या लढाईचा. जुलैत पडलेल्या माणसाला सप्टेंबरचा क्लॅस्प कुठून मिळणार? उरलेल्या पाच लढायांत ही रेजिमेंट नव्हती. पदकाच्या रोलमध्ये (पदक मिळालेल्यांच्या यादीत) प्रत्येक क्लॅस्पला वेगळा रकाना असतो आणि तुमच्या माणसाचे सगळे रकाने कोरे आहेत. म्हणजे बिनक्लॅस्पचं पदक हेच त्याचं पूर्ण पदक. त्याच रणांगणावर मुंबई लष्कराच्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणीही होत्या. त्यांच्याही शिपायांना मैवंदचा क्लॅस्प नाही.

तुम्ही काउंटरवर मोबाईलमध्ये जो फोटो दाखवलात, त्यातला क्लॅस्प अहमद खेलचा होता. ते तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर ‘अक्षरं कोरून द्यायला तुमचं काय जातं’ असं तुम्ही म्हणालात. आमचं काय जातं ते सांगतो. क्लॅस्पच्या दोन्ही बाजूंना कान असतात आणि त्यांतून बारीक रिव्हेट घालून तो खालच्या पट्टीला जोडतात. नवीन रिव्हेट मारायचं तर जुन्या सस्पेंडरला (म्हणजे त्याच खालच्या पट्टीला) हात लावावा लागतो, आणि भिंगाखाली ताजी ठोकलेली चांदी जाणकाराला लगेच दिसते. मग तो पदकाच्या कडेवरच्या नावावरही संशय घेतो. खऱ्या पदकाला खोटा क्लॅस्प लावला की खरं पदकही बाद होतं. शिवाय ते कोणी लावून दिलं हे बाजारात लपत नाही.

नावावर संशय का घेतात, तेही सांगतो, कारण ती तपासणी आम्ही तुमच्यासमोरच केली होती. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. जुनं नाव घासून नवीन कोरलं की कड पातळ होते, व्यास कमी भरतो आणि राणीच्या चेहऱ्याभोवतीची जागा एका बाजूला अरुंद दिसते. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) चारी बाजूंनी लावून बघितला, तुमचं माप सगळीकडे सारखं आलं. क्रमांक, हुद्दा, नावाचं आद्याक्षर, आडनाव, रेजिमेंट असा कोरण्याचा क्रमही बरोबर आहे. ‘रेजिमेंटचं नाव बर्कशायर असायला हवं होतं’ असंही तुम्ही लिहिलंय. ते नाव १ जुलै १८८१ पासून लागलं. माणूस गेला तेव्हा ती ६६ वी फूटच होती आणि कडेवर तेच आहे. असं सरळ पदक हाताशी असताना त्याला ‘अर्धवट’ म्हणता, याचं खरंच वाईट वाटलं.

काबूल ते कंदाहार स्टारही नाही, अशी तुमची तक्रार आहे. तो ब्राँझचा स्टार इंग्रज सेनापती रॉबर्ट्सच्या काबूलहून कंदाहारपर्यंतच्या ऑगस्ट १८८० मधल्या कूचचा, त्याची रिबन इंद्रधनुषी असते. तुमच्या माणसाशी त्याचा संबंध नाही.

आता दोन पानांबद्दल. साध्या शिपायाची नोकरी कागदावर एवढीच उरते. १८७० च्या कायद्यानंतर भरती बारा वर्षांची, त्यातली सहा पलटणीत आणि सहा राखीव दलात. पगार रोज एक शिलिंग, तोही कापून हातात यायचा. चांगल्या वर्तनाची पट्टी मिळाली तर रोज एक पेनी जास्त. मस्टर रोल तिमाहीगणिक लिहिले जात: माणूस कुठे होता, इस्पितळात होता का, कोठडीत होता का, पगार कापला का. ज्याने गुन्हा केला नाही आणि ज्याला बढतीही मिळाली नाही, त्याच्यापुढे वर्षानुवर्षं फक्त हजेरी. उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगाव या गोष्टी असतात डिस्चार्जच्या कागदांत. पण लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (ब्रिटिश सरकारी दप्तरखान्यात) १८८२ पर्यंतचे हे कागद मुख्यतः पेन्शन घेऊन बाहेर पडलेल्यांचे आहेत. लढाईत मेलेल्याला पेन्शन कसली? म्हणून ते रकाने आम्ही रिकामे ठेवले. भरून देणारे लोक आहेत, आम्ही त्यांतले नाही.

‘शेवटच्या अकरा जणांत तो होता असं लिहून द्या’ हा तुमचा आग्रहही त्यातलाच. मैवंदला ६६ व्या रेजिमेंटचे दोन अधिकारी आणि नऊ शिपाई शेवटपर्यंत लढून पडले, हे खरं. पण मस्टर रोलमध्ये ‘ठार’ एवढंच लिहिलेलं असतं, कोण कुठे पडला ते नाही. आणि कुलाब्याचं अफगाण चर्च बघून या असं आम्ही सांगितलं नाही म्हणून नाराजी कशाला? ते चर्च पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं आहे. तुमच्या माणसाच्या रेजिमेंटचं स्मारक इंग्लंडमध्ये रेडिंगच्या फोर्बरी गार्डन्समध्ये आहे, मोठा सिंह आहे तो. अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय. ‘कुत्र्याला पदक दिलं ही थाप आहे’ हेही तुम्ही म्हटलंय, तर थाप नाही. रेजिमेंटचा बॉबी मैवंदहून जिवंत परतला, १८८१ मध्ये राणीने त्याला पदक घातलं आणि पेंढा भरलेला बॉबी आजही सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे.

चमकवण्याबद्दल: तुम्ही पदक आणलंत तेव्हाच ते भांडी घासायच्या पावडरीने घासलेलं होतं. पदकाच्या मागच्या बाजूच्या चित्रातल्या हत्तीवरच्या तोफेचे बारीक कंगोरे त्यानेच बोथट झालेत. एकदा गेलेली चांदी परत येत नाही, म्हणून आम्ही फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ सुती कापड वापरलं. जो काळसर थर राहिला आहे, तो राहूच दे. फ्रेममध्ये लोकरीचं फेल्ट, रबर किंवा पीव्हीसी घातलं असतं तर काम निम्म्या पैशांत झालं असतं, आणि आपल्या पावसाळ्यात दोन वर्षांत पदक काळं ठिक्कर पडलं असतं. आम्ही आम्लविरहित पुठ्ठा घातला, मागे सिलिका जेलची पुडी ठेवली. रिबन ३२ मिलिमीटरची, हिरवी, दोन्ही कडांना किरमिजी. बाजारात मिळणारी नुसती हिरवी नव्हे.

उशीर झाला तो क्यूहून प्रती यायला, त्यांचं शुल्क पाउंडात भरावं लागतं आणि ती पावती तुमच्या बिलाला जोडलेली आहे. तरी यापुढे कामाचा अंदाजे वेळ पावतीवर लिहून द्यायचा विचार चालू आहे, फोनचंही काहीतरी बघतो. पुडी वर्षाने बदलावी लागते, ती घेऊन या, बदलून देऊ, पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं.