साडेतीन वर्षांच्या पोरीला सुट्टीचा अभ्यास!

आज दुपारी नर्सरीच्या ग्रुपवर पीडीएफ येऊन पडली. 'समर ॲक्टिव्हिटी'. उघडून बघते तर ठिपके जोडून एबीसीडी, 1 ते 50 आकडे गिरवा, रंग रेषेच्या बाहेर जाऊ देऊ नका, आणि रोज एका पानाचा फोटो ग्रुपवर टाका. पोरीचं वय साडेतीन! खाली लगेच आयांची रांग, थँक्यू मॅम, थँक्यू मॅम. कशाबद्दल थँक्यू, बाई?

परवाच आमच्याकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, केल्या. सासूबाईंनी अंधारातच ज्वारीचा घाटा शिजायला टाकला. पोरगी उठली ती डोळे चोळत थेट गच्चीवर. वाटीभर गरम घाट्यावर कच्चं तेल घालून खाल्लं, मग तिला तिचा वेगळा गोळा मिळाला. तिने थापलेली एक बिबडी बशीएवढी, दुसरी बटणाएवढी. वरून तीळ चिकटवले, ते मात्र एकाच बिबडीला! आजी म्हणाली, "माय, कावळा दखजो बरं," आणि हातात काठी दिली. ऊन चटके द्यायला लागेपर्यंत बाई जागची हलली नाही. हीच पोरगी वर्कशीटपुढे बसवली की दुसऱ्या मिनिटाला "शू लागली" म्हणते.

अहो, पीठ दाबणारी, तीळ चिमटीत धरणारी, शेंगा सोलणारी बोटंच पुढे पेन्सिल धरणार आहेत. आधी बोटांत जोर येऊ द्या की! बिबड्या उलटताना ती मला सांगत होती, ही वाकते, ही मोडते, ही अजून ओली आहे. हे कुठल्या पानावर गिरवून येणार? आणि फी घेताना म्हणे 'खेळातून शिक्षण'.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी चालवत होत्या. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले आणि त्यावर पोरं शिकली. आता आपल्याकडे चिंचोके फुकट आहेत, तर आपण हजार रुपयांचं किट मागवतो आणि त्यात काय निघतं? प्लास्टिकचे चिंचोके.

बरं, सगळ्यांकडे गच्ची नसते, सासू नसते, मान्य. खान्देशातल्या वैशाखात 11 ते 5 पोराला दाराबाहेर काढता येत नाही, हेही मान्य. त्यात दिवसभर ऑफिस करून आलेल्या बाईने पोराच्या हातात मोबाइल देऊन भाजी फोडणीला टाकली तर मी तिला एक शब्द बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना स्क्रीन दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. ते बरोबरच आहे. पण तेवढ्या वेळात कुकर कोण लावणार, हे त्यात लिहिलेलं नाही.

फक्त एवढंच म्हणते, फोडणीआधी जे चालतं त्यात पोराला घ्या. मटार सोलू द्या, कणकेचा गोळा द्या, मोजे जोडीने लावू द्या, डाळ-तांदूळ एकत्र करून वेगळे करायला द्या. पसारा होतो. होऊ दे! आमच्या गच्चीवर घाट्याचे डाग अजून तसेच आहेत. (डाळ-तांदूळ मोठ्या पोरांना, तोंडात घालणाऱ्यांना नको. आणि जवळ बसा.)

अन् बाप कुठे असतो हो या सगळ्यात? त्या ग्रुपवर एकही बाप नाही. आमच्याकडच्यांनी बिबड्यांचा फोटो काढला, स्टेटसला ठेवला, झालं पालकत्व! कावळे हाकलायला मात्र साडेतीन वर्षांची पोर.

असो, चिडून उपयोग नाही. त्या मॅमही बिचाऱ्या कुणाच्या तरी हाताखालीच आहेत, पालकच विचारत असतील, 'एबीसीडी कधी येणार?' म्हणून. त्यांना उद्या नीट शब्दांत कळवते की आमच्या घरून वर्कशीटचे फोटो येणार नाहीत. हवा तर बटणाएवढ्या बिबडीचा पाठवते, तळून.

आणि यावल-रावेरकडून या आठवड्यात कुणी जळगावला येणार असेल तर पिशवीभर चिंचोके आणा ना. केळी नकोत, केळी आहेत.