अंतर भागिले वेग? विमानाचं गणित असं सुटत नाही

दोन शहरांमधलं अंतर घ्यायचं, विमानाच्या वेगाने म्हणजे ताशी ९०० किलोमीटरने भागायचं आणि 'इतक्या तासांत पोहोचतो' म्हणून मोकळं व्हायचं. अनेक वेबसाइट हेच करतात आणि लोक त्या आकड्याच्या भरवशावर पुढचं तिकीट काढतात. हे मला खरंच धोक्याचं वाटतं.

लंडन-न्यूयॉर्क घ्या. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. भागाकार येतो सव्वासहा तासांच्या आत. वेळापत्रकात मात्र लंडनहून जाताना साधारण आठ तास असतात आणि परतताना सात. हा फरक वाऱ्याचा. उंचावरची जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, हिवाळ्यात तिचा जोर वाढतो. समोरून सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर विमान जमिनीच्या हिशेबात ८०० नेच सरकतं, म्हणजे ६ तास ५५ मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर ५ तास ३२ मिनिटं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. म्हणून जाण्याची आणि येण्याची वेळ नेहमी वेगवेगळी बघा.

उरलेला वेळ जमिनीवर आणि खालच्या हवेत जातो. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. रनवेपर्यंतची रांग, उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. दहा हजार फुटांखाली तर बऱ्याच देशांत २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते.

अंतरही सपाट नकाशावर मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. लंडन-लॉस एंजेलिसचा दोरा ग्रीनलंडवरून जातो! पण विमानाला तो मार्ग मोकळा मिळेलच असंही नाही. हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर तेरा तासांवर गेला. शहरं होती तिथेच आहेत.

घड्याळाचा घोळ वेगळाच. टोकियोहून शनिवारी संध्याकाळी पाचला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला शनिवारीच सकाळी दहाच्या सुमारास उतरतं. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत बदला, मगच वजाबाकी करा. उन्हाळ्यात अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे जातात, जपानची नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि कनेक्टिंग फ्लाइट स्वतंत्र तिकिटावर असेल तर फार जपून. बॅग स्वतः घ्यायची, बहुतेक ठिकाणी इमिग्रेशन पार करायचं, पुन्हा चेक-इन करायचं. लांबच्या फ्लाइटचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. दोन तासांचं अंतर ठेवलं असेल तर पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की हातात वीसच मिनिटं उरतात. मी तरी चार तासांपेक्षा कमी ठेवा असं कुणाला सांगणार नाही. एकाच तिकिटावर पुढची फ्लाइट चुकली तर सोय लावणं विमान कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटावर तुम्ही फक्त 'नो-शो', म्हणजे न आलेला प्रवासी, ठरता, आणि त्या तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा बुडतात.