काढून ठेवा

गुडघ्यात हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, नवं बसवून सहा-सात महिने झाले, तरी माझा गुडघा शेवटचा बोटभर सरळ होईना. सर्जन म्हणाले, "ग्राफ्टच्या, म्हणजे बसवलेल्या लिगामेंटच्या, पुढ्यात कधीकधी व्रणाचा गोळा होतो, सायक्लॉप्स म्हणतात त्याला. एमआरआय करून घ्या." चिठ्ठीवर दोनच शब्द: एमआरआय, उजवा.

सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं, वजन विचारलं, पेसमेकर आहे का ते तीनदा विचारलं.

"शरीरात धातू?"

"मांडीच्या हाडावर, लिगामेंट धरून ठेवणारं टायटॅनियमचं बटण आहे."

"काढून ठेवा," ती मान वर न करता म्हणाली. "लॉकर तिकडे."

टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, हे मीच तिला समजावलं. ऑपरेशन कधी झालं, हे मात्र तिने विचारलं नाही.

गुडघ्यासाठी माणसाला पायाकडून आत ढकलतात. डोकं बाहेर राहतं, म्हणजे पत्र्याच्या शेडवर मोर्चा नाचल्यासारखा तो आवाज ऐकायला आपण पूर्ण शुद्धीवर. त्यात "हलू नका" म्हटल्याबरोबर पोटरीला खाज सुटते.

फिल्म घेऊन बाहेर येऊन बसले, तर शेजारी एक काका. काकू आत मणक्यासाठी गेलेल्या. काकांनी "बघू जरा" म्हणत पाकीट माझ्या मांडीवरून उचललं आणि फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. उलटी.

"एवढे गुडघे? सगळे तुमचेच?"

"एकच आहे. त्याचे काप आहेत."

"मग बरोबर." त्यांनी फिल्म सुलटी केली, चष्मा कपाळावर ढकलला आणि बोट टेकवलं. "हे पांढरं दिसतंय ना ताई? पाणी. गुडघ्यात पाणी झालंय तुमच्या."

"रिपोर्ट संध्याकाळी येईल."

"रिपोर्टात दुसरं काय येणार? आमच्या मेहुण्याचं हेच. ऑपरेशन कशाला केलंत? निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचा, वर एरंडाचं पान." समोरच्या बाकावरच्या दोन बायका सरसावून बसल्या. एकीने पाला ओला की सुका, ते विचारलं. काकांनी माझ्याच पाकिटावर, माझ्याच पेनने सगळी कृती लिहून काढली. मीठ किती, तेही. पेन खिशाला लावून ते काकूंना घ्यायला गेले. पेन गेलंच.

संध्याकाळी रिपोर्ट आला. गोळा नाही. पण 'ग्राफ्टमध्ये सिग्नल वाढलेला, अंशतः फाटल्याची शक्यता नाकारता येत नाही.' त्या रात्री मी जिना उतरले नाही.

सर्जनांनी रिपोर्ट बाजूला सारला. नडगी धरून पुढे ओढून पाहिली, मग फिल्म लावली. "घट्ट आहे. ग्राफ्टसाठी हाडात पाडलेले बोगदेही जागच्या जागी. मांडीमागून काढलेला स्नायूबंध आत रुजताना त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, तो पाणी धरतो. या महिन्यांत सिग्नल वाढून पांढरा दिसणारच. पुढे वर्ष-दोन वर्षांत काळा होईल."

"मग फाटलंय असं का लिहिलं?"

"ऑपरेशनची तारीख त्यांना माहीत नसेल."

नसणारच. चिठ्ठीवर यांनी लिहिली नाही, फॉर्मवर त्यांनी छापली नाही. तारखेवाचून ही चित्रं वाचता येत नाहीत, तर ती विचारायला काय पैसे पडतात? पैसे आम्ही मोजतोच, वर एक सीडीही मिळते, जी घालायला घरात आता भोक असलेला एकही कॉम्प्युटर नाही. विम्याच्या फायलीत मात्र 'फाटल्याची शक्यता' कायमची बसली. आणि काका निदान पाण्यापर्यंत तरी बरोबर पोचले होते, ते फुकटात!

सेंटरला फोन केला. तारीख धरून रिपोर्ट सुधारून मिळेल, म्हणाले. फिल्म, जुना रिपोर्ट आणि मूळ पाकीट जमा करा, पाकिटावर काही लिहिलेलं चालणार नाही.