यात उजळ काही नाही का?

"हे मणी धुतले तर उजळतील का हो?"

परवाच्या रविवारी, पुण्यातल्या एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात, माझ्या टेबलापाशी थांबून एका काकूंनी विचारलं. खाऊन झालेल्या भेळेचा कागद धरावा तसा त्यांनी माझा राखाडी-हस्तिदंती हार चिमटीत धरला होता.

"काकू, त्यांचा रंगच तसा आहे."

"असं होय! मला वाटलं, बरेच दिवस पडून आहेत. तरी रात्रभर रिठ्याच्या पाण्यात घालून बघा. आमची मोत्यांची चिंचपेटी कशी लख्ख निघाली."

आता त्यांना काय सांगायचं? राखाडी म्हणजे काही एकच रंग नव्हे. त्यातला एक निळ्याकडे झुकतो, एक तपकिरीकडे. हे दोघे बेसावधपणे एका माळेत आले की माळ खरोखरच मळकी दिसते. म्हणून मी तपकिरीकडचीच भावकी धरली होती. गडद राखाडी, हस्तिदंती आणि मधूनमधून कांस्याच्या झळाळीचे मणी, सगळे जपानी, ११ नंबरचे. (या धंद्यात नंबर वाढला की मणी लहान होतो. पंधराचा ओवायला बसलं की चष्म्याचाही नंबर वाढतो.) रंग गप्प बसणारे असले की मण्यांच्या चकाकीनं आणि आरपारपणानं बोलायला हवं. मग मॅट मण्याला खेटून चकचकीत मणी घ्यायचा, अपारदर्शक मण्याशेजारी काचेसारखा आरपार. आरपार मण्यातून आतला दोरा दिसतो, म्हणून दोराही धुरकट रंगाचा. आणि दर चार बोटं विणून झाली की डोळे किलकिले करून बघायचं. गडद-फिकं वेगळं न दिसता सगळा एकच पट्टा दिसला, तर मुकाट्यानं उसवायचं.

हे सगळं दिसायला उजेड मात्र लागतो. आयोजकांनी माझ्या डोक्यावर निळसर ट्यूबलाइट लावली होती, तीही फडफडणारी. तिच्याखाली हस्तिदंती रंग आजारी दिसतो आणि कांस्य नुसतं काळं. टेबलाचं भाडं मात्र खिडकीजवळच्यांइतकंच. तक्रार केली तर म्हणाले, "सर, बाकी कुणाचं काही म्हणणं नाही." कसं असेल? बाकीच्यांकडे पोपटी आणि राणी कलर होता. तो लोडशेडिंगमध्येही दिसतो.

"मिसेस करतात का हे?" काकूंनी विषय पुढे नेला.

"नाही, मीच करतो."

काकूंच्या चेहऱ्यावर एकदम माया दाटून आली. "नोकरी गेली का?"

नोकरी आहे, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. बोहरी आळीतला मणीवालाही असाच. मॅट राखाडी मागितला की आधी मला नीट न्याहाळतो, मग पोराला माळ्यावर चढवतो आणि तोवर माझ्यापुढे गुलाबी मण्यांची लड हलवत राहतो. "हा घ्या साहेब, हा चालतो." रंगाच्या बाबतीत अख्ख्या गावाला माझी काळजी आहे.

काकूंनी तोवर हार गळ्याशी धरून आरशात पाहिलं होतं. आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. अंगावर बदामी टसर, कानात मोत्यांच्या कुड्या, गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. नखशिखान्त एकही भडक रंग नाही, आणि दिसत होत्या काय झकास! काळ्या मण्यांमुळे सोनं उठून दिसत होतं, टसरामुळे मोती. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "काकू, तुम्ही घातलंय तेच तर मी केलंय."

"ते वेगळं. हे सोनं आहे."

"बरं, संक्रांतीचं घ्या. काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. कुठे आहे रंग?"

"अहो, तो हलवा खाता येतो."

यावर कुणाला काही सुचत असेल तर कळवावं.

मग त्यांनी किंमत विचारली. बाराशे म्हटल्यावर हार अलगद खाली ठेवला. "प्लास्टिकचे का?" काचेचे, म्हणालो. "मग फुटतील." खरं सांगायचं तर इथे माझं हसू संपलं. रंग नाही आवडला, ठीक आहे. पण सुईनं एकेक मणी उचलून विणलेल्या कामाला "एवढे पैसे कशाचे?" विचारणारी माणसं ब्यूटी पार्लरमध्ये बिनबोभाट पैसे मोजतात. मी मजुरी धरतच नाही. धरली तर टेबल मांडायची सोयच राहणार नाही.

एवढ्यात काकूंचं बोट हाराच्या मधोमध थांबलं. त्या सगळ्या राखाडीत मी एकच लाल मणी घातला होता.

"हा मात्र सुरेख आहे हो! पटकन नजरेत भरतो."

भरणारच. त्याच्यासाठी बाकीच्या शेकडो मण्यांना मी गप्प बसवलंय. हे तोंडाशी आलं होतं, पण त्या पुढे म्हणाल्या, "एवढा काढून द्या ना. नातवाच्या झबल्याला लावते."

"काकू, तो विणीतला आहे. सगळा हार उसवावा लागेल."

"मग उसवा की. तुम्हाला काय, वेळच वेळ आहे."

त्यानंतर शेजारच्या टेबलावर जाऊन त्यांनी पोपटी हार घेतला. वर घासाघीसही केली नाही.