शिपाई तोच, मंग पगार काहून येगळा?

डीएची (महागाई भत्त्याची) बातमी आली का टपरीवर केंद्र अन् राज्याच्या पगाराचा हाच वाद, अन् दर खेपेले माह्यं डोकं फिरते राजेहो. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या शिपायाले मूळ पगार १८,००० अन् आमच्या महाराष्ट्राच्या शिपायाले १५,०००, तारीख कागदावर दोघायलेही १ जानेवारी २०१६ चीच, पण आमच्या हाती वाढीव पगार पडला २०१९ मधी, अन् थकबाकी पाच हप्त्यात, त्याचं तं इचारूच नका. मुळातच तीन हजार कमी म्हनल्यावर डीए, घरभाडं सगळंच त्याच हिशोबानं बारकं. तुरीची दाळ का राज्यवाल्याले स्वस्त भेटते? वरून शेजारचा सोयाबीनवाला काका म्हणते, तुमाले तं फुकटचाच भेटते बापा! (त्याचंही खोटं नाही म्हणा, त्याले तं तेवढाबी नाही.) अन् आता म्हणे आठवा आयोग.