कार्बनचा हिशेब? काहून करता, भाऊ!

भाऊ, हिंगण्याच्या एमआयडीसीत तुमची छोटीशी शेड. आठ माणसं, दोन वेल्डिंग मशीन, एक कॉम्प्रेसर, बाहेर ताडपत्रीखाली जनरेटर. बुटीबोरीच्या मोठ्या कंपनीचा ईमेल आला आहे, ‘आपले कार्बन उत्सर्जन कळवावे.’ घाबरू नका. आपल्या शेडमध्ये कार्बन फक्त बिलबुकाच्या दोन पानांमधे असतो, निळा, बोटाला लागतो. तेवढाच कळवा.

खरंच हिशेबाला बसाल तर फसाल, कारण तो फार सोपा आहे. ड्रॉवर उघडावा लागतो, बस. वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, सगळं चहाच्या डागांसकट तिथेच पडलेलं असतं. विजेच्या युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा, डिझेलच्या लिटरमागे 2.7 किलो. महिन्याला 3,000 युनिट आणि 200 लिटर डिझेल लागत असेल, तर 2,100 अधिक 540, झाले 2,640 किलो. आठवीतल्या पोट्ट्यालाही जमेल, म्हणूनच करू नये. यासाठी सल्लागार लागत नाही हे एकदा कळलं, की ‘आपल्याला परवडत नाही’ हे हुकमी कारण हातचं गेलं!

आणि विजेचं तर मोजायचंच कशाला? बटण दाबलं, ग्राइंडर फिरला, धूर दिसला का कुठे? कोळसा जळतो तो तिकडे कोराडीत. नवरात्रात जगदंबेला जाता तेव्हा त्या चिमण्या दिसतात खऱ्या, पण हात देवीला जोडावेत, मान तिकडे वळवू नये.

मोजण्यातला मोठा धोका असा, की मग नको ते प्रश्न पडतात. एका ओळखीच्या शेडमध्ये रविवारी मालकासोबत चावी घ्यायला गेलो होतो. काम बंद, चिटपाखरू नाही. कोपऱ्यात कॉम्प्रेसर मात्र चालू. पाइपच्या जोडापाशी फुस्सऽऽ. हवा गळून टाकीचा काटा खाली आला, की मोटर घुरघुरत टाकी भरणार, पुन्हा फुस्सऽऽ. मालकाला दाखवलं, तर म्हणे, “अरे बाप्पा, तो दोन वर्षांपासून असाच करून राहिला!” पाइपचा एक क्लॅम्प बदलायचा होता. पण तो बदलला असता, तर बिल कमी झालं असतं आणि महावितरणच्या नावाने बोटं मोडायला विषय उरला नसता. नुकसान किती, विचार करा.

कायद्याने तुम्हाला विचारतंय तरी कोण? शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून असा अहवाल सक्तीचा केला तो तिथल्या सर्वांत मोठ्या 1,000 कंपन्यांना. त्या मोजतात स्वतःचं इंधन, स्वतःची वीज, आणि मग ‘स्कोप तीन’ नावाच्या रकान्यात माल पुरवणाऱ्यांसारख्या बाकीच्यांचं. त्या बाकीच्यांत तुम्ही येता. म्हणजे तुमचा जनरेटर त्यांच्या कागदावर धूर सोडतो. त्यांची डोकेदुखी, त्यांनीच बाम लावावा.

युरोपचीही भीती नको. लोखंड, ॲल्युमिनियम, अगदी नटबोल्टसुद्धा तिकडे गेले, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून ते बनवताना निघालेल्या कार्बनची माहिती द्यावी लागते, आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याचा दामही लागू झाला आहे. आकडा नाही दिला, तर ठरीव आकडा धरतात. तो सहसा चढाच असतो, पण आपला हिशेब कोणी परस्पर लिहून देतंय, ही सोय लहान आहे का?

तरी मन खात असेल, तर 5 जूनला शेडच्या दारात एक रोपटं लावा. मागे दहा बाय सहाचा ‘पर्यावरण वाचवा’ असा फ्लेक्स, त्यावर तुमचा गॉगलवाला फोटो. रोपट्याला नंतर पाणी घालायची गरज नाही, नागपूरचं ऊन पुढचं पाहून घेईल. फ्लेक्स कूलरवर झाकायला कामी येतो.

आणि त्या ईमेलला ‘लागू नाही’ असं उत्तर द्या. शेजारच्या शेडमधल्या पोट्ट्याने म्हणे बारा महिन्यांची बिलं काढून तक्ता भरून पाठवला. उतावीळच तो! आता बुटीबोरीची गाडी त्याच्या दारात लागून राहिली. वळवायला जागा कमी पडली, तर तुमचं अंगण रिकामंच आहे, द्या त्याला. शेजारधर्म असतो, भाऊ.